गाडी परस्पर नेली, त्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर नुसतंच 'हं' म्हणालात, म्हणून लिहितेय. आई, तू मध्ये पडू नकोस.

मोटरसायकलचा गिअरबॉक्स खोललाय. विचारलं असतं तर 'चालतेय की अजून' म्हणाला असतात. चालत होतीच. पण न्यूट्रलला उभी असताना घरघर यायची आणि क्लच दाबला की थांबायची. क्लच दाबला की मेनशाफ्ट, गिअरबॉक्समधला मुख्य दांडा, थांबतो, म्हणजे आवाज तिथलाच, हे तुम्हीच शिकवलंत ना? तेलात पोलादाचा चुरा निघाला. चुंबकाला न चिकटणारा पिवळा चुरा वेगळा, म्हणजे दांड्याभोवतीची नळी, ते बुशही गेलेलं. बेअरिंग धुऊन बोटावर फिरवलं तर अडखळत होतं. छर्ऱ्यांच्या वाटेवर नखाला लागतील असे खड्डे. ते फुटून चाक जाम झालं असतं तर? त्या घाटातल्या रात्रीचं मी पुन्हा काढत नाही, मग आईला झोप लागत नाही.

गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियम केसिंगवर हातोडी चालवलेली नाही, शपथ. आधी बेअरिंग अडवून धरणारी कडी, ती सर्क्लिप काढली, मग केसिंग सगळीकडून सारखं १०० अंशांच्या आसपास तापवलं. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे जुनं बेअरिंग आपणहून खाली पडलं. नवं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेलं, ते हातानंच बसलं. शेवटचा दाब बाहेरच्या रिंगवरच दिला. आतल्या रिंगवर दिला तर तो छर्ऱ्यांवर येतो आणि नवं बेअरिंगही नासतं. 'पार्ट मिळत नाहीत' म्हणून तुम्ही अडून बसला होतात, पण नंबर साधा ६२०३ निघाला: आतून १७ मिमी, बाहेरून ४०. आजही सर्रास मिळतं. बुश मात्र लेथवर करून घ्यावं लागलं.

सीट, आरसे, तुमचा तो वाकडा हॉर्न, कशालाही हात लावलेला नाही. टाकीवर पुढ्यात बसवून माझा हात क्लचवर ठेवायचात ना बाबा, तो लिव्हरही तसाच आहे.

फक्त किक आता मी मारणार. तुम्हाला जमत नाही असं नाही हो, गुडघ्याला उगाच कशाला त्रास? गिअर तुम्हीच टाका. आवाज बदललाय का, तेही तुम्हीच सांगायचं.

गोळ्या चुकवू नका. आणि तात्यांचा पान्ह्यांचा डबा माळ्यावरून काढायला स्टुलावर चढलात तर आई मला फोन करणार आहे, तसं आमचं ठरलंय. मी आले की काढीन.

तुमची,
छोटी