नेत्रदान : संकल्पपत्राच्या पुढे

नेत्रदान पंधरवड्यानिमित्त (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर) आपण प्रसिद्ध केलेल्या लेखात सारा भर संकल्पपत्रे भरून घेण्यावर आहे. तेवढ्याने भागत नाही. नुकताच आमचा एक शाळासोबती हृदयविकाराने गेला. दहावीपर्यंत तो पहिल्या बाकावर बसे, कारण जाड भिंगांच्या चष्म्यातूनही त्याला फळा धड दिसत नसे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा रतीब सुरू असताना वहिनींनी मात्र आधी नेत्रपेढीला फोन लावला. पंखा बंद केला, डोक्याखाली उशी सरकवली, मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) काढून घ्यावा लागतो आणि संकल्पपत्र भरलेले असले तरी नातेवाइकांची संमती लागतेच. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा आड येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. ही माहिती नेत्रपेढीच्या दूरध्वनी क्रमांकासह निधनवार्तांशेजारी छोट्या चौकटीत वर्षभर छापावी. पुण्यात तो रकाना न चुकता वाचणारे काही कमी नाहीत!

– एक वाचक, पुणे ३०