आतली कडी

चि. निखिल,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी मी बोलता बोलता फोन ठेवून दिला, त्याचं वाईट वाटतंय. तू टेक्ससातल्या हर्नच्या, दुसऱ्या महायुद्धात जर्मन युद्धकैदी ठेवलेल्या जुन्या छावणीचे फोटो हौसेने पाठवलेस आणि माझं आपलं 'खोली कधी बदलतोस' सुरू. या पत्रात तो विषय काढणार नाही.

फोटो मोठे करकरून पाहिले. जर्मन कैद्यांनी सिमेंटचा केलेला तो बुटका किल्ला बघून आपला भुईकोट आठवला. तू सहावीत होतास. पहिल्या महायुद्धात नगरलाही जर्मन कोंडले होते, असं अण्णांनी सांगितल्यावर तू विचारलंस, "त्यांना भाकरी आवडायची का?"

टेक्ससात तो प्रश्न नव्हता. १९२९ चा जिनिव्हा करार होता. कैद्याला आपल्या सैनिकाइतकंच खायला घालायचं. कापूस वेचायला गेलं तर दिवसाचे ८० सेंट, तेही कॅन्टीनच्या कुपनांत. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडलेली पोरं ती. गावातले लोक छावणीला 'फ्रिट्झ रिट्झ', म्हणजे जर्मनांचं आलिशान हॉटेल, म्हणून टोमणा मारायचे. तू म्हणालास, "आई, आमच्यापेक्षा बरं जेवत होते." हसले मी.

मग रात्री वाचत बसले आणि ह्यूगो क्राउस सापडला. त्याच छावणीतला. लहानपण न्यूयॉर्कात गेलेलं, इंग्रजी चांगलं, म्हणून दुभाष्याचं काम करायचा. झालं, खबऱ्या ठरला. डिसेंबर १९४३ मध्ये एका रात्री त्याच्याच लोकांनी बराकीत शिरून खिळे ठोकलेल्या फळ्यांनी मारलं. काही दिवसांनी इस्पितळात त्याचा जीव गेला. पहारा होता, पण तारेपाशी. बराकीत कट्टर नाझींचं राज्य.

बघ, आलेच मी तिथे. तुझ्या खोलीतले तिघे काही नाझी नाहीत, कळतं मला. एक तर सुलभाताईंच्या जावेचा भाचा. पण सरांनी विचारल्यावर कॉपीचं तू खरं सांगितलंस, तेव्हापासून ते बोलत नाहीत, तुझा डबा फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवतात, हे तूच सांगितलंस ना? अरे, माणसाने राहायला जाताना आधी संगत बघावी, भाडं नंतर, मी तेव्हाच... जाऊ दे. चोवीस वर्षांच्या मुलाला काय शिकवायचं. चुकलं माझं.

तू अकरावीत हॉस्टेलवरून दिवाळीला आलास. पहिल्या आंघोळीला तेल चोळताना कानामागे हात गेला आणि तू अंग चोरलंस. हिरवट-पिवळा डाग होता. "पलंगावरून पडलो." उटणं वाटीत वाळत होतं, बाहेर सगळे फराळाला खोळंबले होते. मी पुढे विचारलं नाही. खरं काय ते दीड वर्षाने रोहनकडून कळलं.

बाबांना तुझं सगळं सांगितलं. हं म्हणाले, पेपर उचलला. संध्याकाळी मात्र खाली काकांना सांगत होते, "आमच्याने तोंडावर सांगितलं सरांना." जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

गच्चीचं काम पुढच्या वर्षी केलं तरी चालेल, त्यातले पैसे पाठवते. खोली कॉलेजपासून लांब असली तरी चालेल.

तिकडे दाराला आतून कडी असते का रे? नुसती गोल मूठ असेल तर ती म्हणे बाहेरून टाचणीनेही उघडते. तोवर रात्री खुर्ची लावून ठेव.

तुझी,
आई