आशाताईच्या फॉर्मला एक पान जोडा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

तिशीपुढच्या माणसांसाठी आशाताई घरोघर सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका गुणांत मोजणारी केंद्राची प्रश्नावली, भरतात. आई-वडील, भावंडांपैकी कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, हे त्यात विचारले जाते आणि ‘हो’ला २ गुण मिळतात. दारूबद्दल मात्र एवढेच : रोज पिता का? ‘हो’ला १ गुण. घराण्यातल्या दारूविषयी फॉर्म गप्प. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) हाती पडली की तीन दिवस शुद्धीवर नसणारा आणि एरवी बाटलीला हात न लावणारा माणूस या प्रश्नातून शून्य गुणांवर सुटतो.

जुळी भावंडे आणि दत्तक मुले यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात. उरलेला वाटा परिस्थितीचा : संगत, कर्ज, वेशीवरचा गुत्ता. बाप पीत होता म्हणून पोरगा पिणारच, असे कुणी म्हणू नये. पण शुगरची पिढी विचारायची आणि दारूची सोडून द्यायची, हे आम्हाला पटत नाही. केंद्राच्या फॉर्मला हात न लावता राज्याने एक पुरवणी पान जोडावे.

ते भरायचे कसे, हे सविस्तर लिहितो, कारण घोळ तिथेच होतो. ‘घरात कुणी दारुडं आहे का?’ असे विचारले की उत्तर ठरलेले : ‘न्हाई बाई, आमच्यात तसलं कुणी न्हाई.’ नातलगांच्या तोंडून घेतलेल्या अशा माहितीत ‘हो’ बहुतेक वेळा खरे असते, ‘नाही’ फसवे. म्हणून एकेक नातलग घेऊन परिणाम विचारावेत : दारूपायी दवाखान्यात ठेवावे लागले का, काम बुडायचे का, पोलिसांत प्रकरण गेले का, बायको माहेरी निघून गेली का, डॉक्टरांनी ‘सोडा’ म्हणून बजावले होते का. एकाला जरी ‘हो’ आले तरी तो नातलग मोजायचा. ‘पोटात पाणी होऊन गेले’ किंवा ‘काविळीनं गेले’ असे कळले तर दारूबद्दल पुन्हा विचारावे. नुसत्या काविळीवर खूण करू नये, ती दूषित पाण्यानेही होते. लग्नात घोटभर घेणारा यात येत नाही.

‘घराण्यात आहे / नाही’ अशी एकच चौकट ठेवली तर ज्याचा फक्त एक चुलता पितो आणि ज्याचे वडील, आजोबा, भाऊ तिघेही पितात, ते दोघे एकाच रांगेत बसतात. त्यापेक्षा वजन द्यावे. आई, वडील, सख्खी भावंडे यांना प्रत्येकी २. चारही आजी-आजोबा, चुलते, आत्या, मामा, मावश्या यांना प्रत्येकी १. समजा, एकाला आई-वडील (४), चार आजी-आजोबा (४), दोन चुलते, एक मामा (३) आणि एक भाऊ (२) : एकूण १३. त्यांपैकी वडील, वडिलांचे वडील आणि एक चुलता पिणारे : २+१+१ म्हणजे ४. गुणांक ४ भागिले १३, म्हणजे ०.३१. भागाकार हवाच, नाहीतर सहा चुलते असलेले मोठे कुटुंब उगाच धोक्यात दिसते.

आईकडचे काहीच ठाऊक नसेल तर ‘नाही’ लिहू नये. ते तिघे (आईचे आई-वडील आणि मामा) एकूणातून वजा करावेत : ४ भागिले १०, म्हणजे ०.४०. ‘माहीत नाही’ला स्वतंत्र रकाना नसेल तर सगळे पान वाया गेले समजा.

दुसरा सापळा नात्यांच्या नावांत आहे. आपल्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही ‘मामा’ म्हणतात. त्याचे रक्त वेगळे, तो मोजायचा नाही. चुलती आणि मामीही नाहीत. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात एकच म्हातारा बापाचा मामा आणि आईचा बाप असतो, त्याची नोंद एकदाच, आजोबा म्हणून. बायकांच्या पिण्याबद्दल वेगळे विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही.

एकाच माणसावर विसंबू नये. दोघांना वेगवेगळे विचारले की सुटलेली नावे सापडतात. सून सासरचे सांगते, तिच्या मुलांसाठी माहेरचेही तितकेच लागते. सर्वेक्षण दिवाळीनंतर ठेवले तर बीड, जालना, धाराशिवच्या कित्येक वस्त्यांत कुलपेच दिसतील. कोयता, म्हणजे ऊसतोडीला गेलेले मजूर, परत आल्यावर, एप्रिल-मेमध्ये ठेवावे.

गुणांक हे निदान नव्हे. जास्त असलेल्यांना जागतिक आरोग्य संघटनेची, दारूच्या सवयीबद्दलच्या दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी आधी द्यावी. ८ किंवा जास्त गुण आले तर समुपदेशन. त्यातला ‘एक ड्रिंक’ म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेले असेल तर १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम, म्हणजे सहा ड्रिंक होतात. आशाताईंना हे शिकवले नाही तर ‘एकच क्वार्टर’ हे ‘एकच ड्रिंक’ म्हणून उतरेल. आणि तिशी फार उशीर आहे. हे पान किशोरवयीन आरोग्य कार्यक्रमातही हवे.

आशाताई त्याच गावच्या, कधी त्याच भावकीतल्या. म्हणून पानावर नाव नको, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावाची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुलपात राहावी, ग्रामपंचायतीकडे जाऊ नये. ती फुटली की पोरींच्या सोयरिकी मोडतील, आणि पुढच्या वर्षी सगळे गाव ‘न्हाई’ म्हणेल.

आपले,
मराठवाड्यात व्यसनमुक्ती व ग्रामीण आरोग्याचे काम करणारे