नखाच्या एका खुणेबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आज साठवणीतला शेवटचा लाल भोपळा कापला. तोडणीला जवळजवळ तीन महिने होऊनही आतला गर घट्ट आणि केशरी होता. तो पाहून डोळे भरून आले, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीची माझी फजिती तुम्हाला ठाऊकच आहे. बी देणाऱ्याने 'रंग आला की तोडा' एवढे सांगून हात झटकले होते. मी देठ धरून ओढून काढलेले, धुऊन ओलेच एकावर एक रचलेले 9 भोपळे महिनाभरात बुडाशी पाणी सोडू लागले, तेव्हा स्वतःला जाणकार म्हणवणारे एक गृहस्थ ते पाहून पोटभर हसले. चूक कुठे झाली, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

यंदा तुम्ही वेलापाशी उकिडवे बसलात, माझा अंगठा धरलात आणि त्याचे नख सालीवर दाबलेत. पहिल्या फळावर बारीक चंद्रकोर उमटली. 'हा अजून कोवळा आहे, राहू दे,' एवढेच तुम्ही म्हणालात. शेजारच्या फळावर नख नुसते घसरले. त्याचा देठही वाळून लाकडासारखा खरखरीत झाला होता. 'आता तूच सांग,' असे म्हणून तुम्ही कात्री माझ्या हाती दिलीत आणि मी चार बोटे देठ राखून तो भोपळा कापला.

पुढचे, म्हणजे दहा-बारा दिवस उबदार, हवेशीर जागी साल कडक होऊ देणे आणि मग 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या कोरड्या जागेत, एकमेकांना न टेकवता मांडणे, हे मला एखाद्या पुस्तकातही सापडले असते. परंतु शिकणाऱ्याला त्याच्या अडाणीपणाची लाज वाटू न देता त्याच्या बोटांनाच ते कळू द्यावे, हा सभ्यपणा मला इतरत्र फारसा भेटलेला नाही. (ते हसणारे गृहस्थ अजूनही भोपळा देठाला धरूनच उचलतात, हे जाता जाता सांगते.)

आज कापलेला भोपळा तोच, तेव्हा वेलावर राहू दिलेला. नखाच्या जागी खरपुडी धरून चंद्रकोर तशीच राहिली आहे. सालीचा तेवढा तुकडा वाळवायला ठेवला आहे; तुम्ही याल तेव्हा दाखवीन.

आपली कृतज्ञ,
कुंपणापलीकडची शेजारीण