दोरी ओढायच्या आधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, टिलरचे (माती खणायच्या मशीनचे) फोटो मोठे करून नीट बघितले. 163 सीसीचं चार स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन आहे. याच ठेवणीचं इंजिन पाण्याच्या पंपावर आणि छोट्या जनरेटरवरही बसतं, त्यामुळे सुटे भाग मिळायला अडचण नाही. पण 'रिबोर करावं लागेल', म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कोरून मोठा करावा लागेल, या मिस्त्रीच्या सांगण्याला इतक्यात हो म्हणू नका. दोन-तीन पावसाळे पडवीत पडून राहिलेलं इंजिन सुरू झालं नाही, तर बहुतेक वेळा दोष पिस्टनचा नसतो, कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) असतो. फोनवर सगळं लक्षात राहत नाही म्हणून क्रमाने लिहिते. हा कागद पडवीतच खिळ्याला अडकवून ठेवा.

आधी ऑइल. टिलर ब्लेडवर उभा असला की इंजिन तिरकं होतं, म्हणून खाली विटा लावून ते सपाट करून घ्या. जुनं ऑइल पूर्ण काढा. काळं असेल तर ठीक, पण चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. मग नवं भरून थोडं चालवायचं आणि परत बदलायचं. 10डब्ल्यू-30 ऑइल साधारण 600 मिली लागतं. सपाट ठेवलेल्या इंजिनात भरणीच्या तोंडाच्या काठाशी ऑइल आलं की थांबा. यातल्या बऱ्याच इंजिनांना ऑइलचा सेन्सर असतो. ऑइल कमी झालं की तो ठिणगीच बंद करतो, आणि लोक विनाकारण ठिणगीची कॉइल बदलून बसतात.

मग 21 च्या पान्याने प्लग (ठिणगी पाडणारा) काढा, भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोरी अगदी हळू ओढा. अडकलं तर हिसका देऊ नका, स्टार्टर तुटेल. दोन दिवस तसंच मुरू द्या. प्लग नवाच घ्या, बीपीआर6ईएस नंबरचा, फट 0.7 ते 0.8 मिमी. ठिणगी बघताना पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) बंद ठेवा आणि प्लगचं धातूचं अंग भोकापासून लांब इंजिनला टेकवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी नसेल तर आधी बंद करायच्या स्विचची वायर सोडवून बघा. गंजलेला स्विच अर्थिंग होतो, म्हणजे इंजिन कायम 'बंद'च राहतं. त्यानंतर फ्लायव्हीलच्या (दोरीमागच्या जड चाकाच्या) चुंबकावरचा गंज पॉलिश पेपरने घासा आणि कॉइलची फट 0.4 मिमी ठेवा.

आता कार्ब्युरेटर, इथे घाई नको. जुनं पेट्रोल सगळं काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत हा त्रास जास्तच. कॉकखालची छोटी वाटी उघडून काचेच्या पेल्यात ओता. पाणी असेल तर तळाशी त्याचे थेंब वेगळे लोळताना दिसतात. मग 10 च्या पान्याने कार्ब्युरेटरच्या खालची वाटी सोडवा. आई, तेव्हा तू शेजारी स्टीलचं ताट धरून बस, कारण फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या भागाची) खिळ आणि सुई पडली तर गवतात सापडत नाही. मधल्या खांबात पितळी मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) असतो. तोंडाला बरोबर बसणाऱ्या स्क्रू-ड्रायव्हरनेच फिरवा, नाहीतर खाच तुटते. जेट निघाला की मागून बारीक भोकांची पितळी नळी घसरून येते. ती उजेडाकडे धरा. एकेक भोक आरपार दिसलं पाहिजे. वाळलेल्या पेट्रोलचा हिरवट डिंक तिथेच बसतो. वायरमधली तांब्याची एकच तार काढून भोकं मोकळी करा. सुई घालायची नाही, जेटचं भोक मोठं होतं आणि मग इंजिन पेट्रोल पिऊन काळा धूर सोडतं. वर आयडलच्या (मंद चालीच्या) स्क्रूखाली छोटा पायलट जेट असतो, तोही काढून धुवा. चोक (हवा कमी करणारी झडप) लावला तरच इंजिन चालतं, चोक काढला की मरतं, याचा अर्थ जेट अजून तुंबलेला आहे. पेट्रोल गळत राहिलं तर दोष फ्लोटच्या सुईचा.

एअर फिल्टरचा फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, स्वच्छ इंजिन ऑइलात बुडवून घट्ट पिळा आणि बसवा.

एवढं करून सुरू नाही झालं तर व्हॉल्व्ह (इंजिनच्या झडपा) तपासा. इंजिन थंड असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) कार्ब्युरेटरच्या बाजूच्या व्हॉल्व्हची फट 0.15 आणि सायलेन्सरच्या बाजूची 0.20 मिमी ठेवा. रिबोरचा प्रश्न त्यानंतर. दोरी ओढताना जोर लागतो का बघा. लागत नसेल तर प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा ओढा. जोर वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलेंडरची आतली भिंत) झिजलाय, वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा. मिस्त्रीला हे समोर करून दाखवायला सांगा.

गिअरबॉक्सचं ऑइल बदला, प्रकार प्लेटवर लिहिलेला असतो. ब्लेडचा शाफ्ट बाहेर काढून सीलजवळ गुंडाळलेलं गवत, सुतळी, नायलॉनचा दोरा कापून काढा. तोच दोरा सील कापतो आणि ऑइल गळतं. बोल्ट गंजले असतील तर डिझेल सोडून रात्रभर ठेवा. ब्लेड डावं-उजवं वेगळं असतं आणि धार पुढच्या दिशेला हवी. उलटं बसवलं तर मशीन माती खणत नाही, नुसतं उड्या मारतं. बोल्ट 8.8 चे (डोक्यावर छापलेला मजबुतीचा नंबर) घ्या. पट्टा काचेसारखा चकाकत असेल किंवा त्याला चिरा असतील तर त्यावरच्याच नंबरचा नवा.

आणि बाबा, ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. क्लचची मूठ सोडली की ब्लेड लगेच थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर केबल ढिली करून सेट करा, आणि ते होईपर्यंत मशीन मातीत घालू नका. जुन्या टिलरची मूठ कधीकधी रबराने किंवा तारेने बांधलेली असते. तसं काही दिसलं तर तिथल्या तिथे कापून टाका. रिव्हर्स टाकताना मागे नारळाचं झाड किंवा गडगा नसल्याची खात्री करा, माणूस मध्ये सापडतो. लुंगी नको, पँट आणि बूट. आई, मशीन सुरू असताना पदर खोचूनही जवळ येऊ नकोस.

पहिले दोन तास चालवून ऑइल परत बदला. पोफळीच्या बुंध्यापासून मीटरभर लांबच राहा, मुळं वरवर असतात. माती हातात घेऊन दाबली आणि गोळा फुटला नाही, तर त्या दिवशी ती ओली आहे, चालवू नका. काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत काही उरत नाही.

व्हॉल्व्हचं झाकण उघडाल तेव्हा मला व्हिडिओ कॉल करा, मी रात्री आठनंतर मोकळी असते.

तुमची लेक