रिकामा पॅन

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर नको इतका ओरडलो. पॅन जळाला म्हणून नव्हे. पॅन काय, दुसरा येतो. तो गॅसवर ठेवून बसल्या बसल्या तुझा डोळा लागला, हे तू हसत हसत सांगितलंस, तिथे माझा तोल गेला.

नॉनस्टिकवरचा तो थर टेफ्लॉनचा. १९३८ साली रॉय प्लंकेट फ्रिजसाठी गॅस शोधत होता आणि हाती ही न चिकटणारी पांढरी भुकटी लागली. २६० अंशांपर्यंत ती गरीब गाय. पण रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांत त्यापुढे जातो. मग थराचा धूर होतो, त्याने माणसाला ताप भरतो, पिंजऱ्यातली पाखरं तर मरतात. खिडकी उघडी होती ना? ते सांगितलंच नाहीस.

असो. व्याख्यान नको म्हणाली होतीस.

बिडाचा तवा पाठवतोय. आईचाच. ती त्यावर तेलाचं बोट फिरवून धुरावेपर्यंत तापवायची, निववायची, पुन्हा तेच. तेलाचाच काळा, गुळगुळीत थर बसायचा. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर, म्हणून ते ठिसूळ, हे फाउंड्रीत मी पोरांना शिकवायचो. आणि घरी तिच्या तापल्या तव्यावर मीच गार पाणी ओतलं. टणकन् तडकला. दोन दिवस बोलली नाही. हा त्यानंतरचा. अबोल्यात तू तिच्यावर गेलीस.

धुतलास की लगेच कोरडा कर, नाहीतर गंजेल. आंबट काही त्यात शिजवू नकोस, थर जातो. त्याला स्टील बरं. आणि डोळ्यांवर झोप असेल तेव्हा गॅस पेटवूच नकोस, उपाशी झोप. नाही, उपाशीही नको. काहीतरी गार खा.

इतक्या उशिरा येऊनही स्वतः रांधतेस, हे मी शेजारी दोनदा सांगितलं. तुला मात्र ओरडलो. चुकलं माझं. पण पाच मिनिटांचा गजर लावत जा ना.

बीड गॅस बंद केल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं, दांडासुद्धा. आईचं जाड फडकं त्यालाच गुंडाळलंय.

तुझा,
बाबा