आमची सात नावं छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री आमच्या मंडळाच्या पोरांनी कबड्डीत एका तगड्या टीमला दोन गुणांनी हरवलं, शेवटची चढाई चालू असताना अख्खं मैदान उभं होतं, आणि डाव्या कोपऱ्यात पकडीला उभ्या असलेल्या आमच्या पोराने घोट्यात अशी पकड मारली की समोरचा मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर पडला. हा पोरगा दिवसभर बाईकवर पार्सलं पोचवतो. सोमवारी सकाळी सहाला मी दूध आणायला उतरलो तर तो पेपरच्या स्टॉलवर उभा, तुमचा पेपर हातात, क्रीडा पान दोनदा उलटून बघितलं, परत पहिल्या पानापासून बघितलं. बातमी नव्हती. स्टॉलवाला म्हणाला राहूदे रे ठेव, पण त्याने पैसे दिले आणि पेपर घेऊनच गेला. मला ते बघून जे वाटलं त्यासाठी हे पत्र, पण सांगायला सुरवात जरा लांबून करावी लागेल, आयर्लंडपासून.

माझी मुलगी कॉर्कला असते, हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. २०२३ ला तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं तिकडे पाच महिने होतो. आमच्या हिचे दिवस डिंकाचे लाडू आणि बाळाच्या मालिशमध्ये जायचे, मला काम काय, तर बाळाला ढकलगाडीत घालून फिरवून आणायचं. ऑगस्ट संपता संपता बघतो तर रस्त्यावरच्या प्रत्येक खांबाला दोन रंगी झेंडे, दुकानाच्या काचेत झेंडे, शाळेच्या फाटकावर झेंडे. आपल्याकडे गणपतीच्या आधी लालबागला जसं वातावरण असतं ना तसं. शेजारच्या आजोबांना विचारलं इलेक्शन आहे का, ते म्हणाले नाही, आमच्या क्लबची मॅच आहे, काउंटी चॅम्पियनशिप.

खेळाचं नाव हर्लिंग. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची काठी, शेवट उलथन्यासारखा चपटा, तिला हर्ली म्हणतात, आणि चामड्याचा कडक चेंडू, त्याला म्हणतात स्लिटर. एका बाजूला पंधरा जण. इंग्रजी एच सारखे खांब, चेंडू आडव्या दांड्याच्या खालून जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन गुण, वरून गेला तर एक. पोरं पळता पळता चेंडू काठीच्या टोकावर तोलतात, हवेतच मारतात, आणि काठ्या अशा फिरतात की माझ्यासारख्या मातीत गुडघे फोडून घेतलेल्याचा पण श्वास अडकला. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं झालं ते २०१० ला, तोपर्यंत मोठे खेळाडू बिनहेल्मेटचे खेळायचे म्हणे. २०१८ ला युनेस्कोने या खेळाला जगाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पण साहेब, मला खेळापेक्षा त्यामागचा कारभार जास्त आवडला. ही सगळी संस्था १८८४ मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात बसून सुरू केलेली, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, थोडक्यात जीएए म्हणतात, आणि आजही तिथे खेळाडूला खेळायचा पगार नाही. क्लब म्हणजे गाव, म्हणजे चर्चची हद्द असते ना ती. त्या हद्दीत जन्मलात की त्या क्लबचे, बहुतेक जण मरेपर्यंत तोच क्लब. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. प्रत्येक काउंटीत सीनियर, इंटरमीजिएट, ज्युनिअर असे गट, जिंकलात तर वर, हरलात तर खाली. वाचणाऱ्या कबड्डीवाल्यांना लगेच कळेल, आपली प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी हेच की. काउंटी जिंकणारा क्लब पुढे प्रांताला आणि मग ऑल आयर्लंडला जातो. क्लबची ही ऑल आयर्लंड स्पर्धा १९७०-७१ पासून चालू आहे. तिच्यात सगळ्यात जास्त, नऊ वेळा जिंकलेला क्लब कुठल्या शहराचा नाहीये, तो किलकेनी काउंटीतल्या बॅलीहेल नावाच्या छोट्याशा खेड्याचा आहे. हेन्री शेफ्लिन म्हणून त्यांचा खेळाडू, काउंटीकडून दहा ऑल आयर्लंड मेडल्स, तो त्याच खेड्याचा. टीजे रीड पण तिथलाच. म्हंजे जुलैमध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कात ब्याऐंशी हजार माणसांसमोर खेळणारा माणूस ऑगस्टमध्ये परत गावच्या मैदानावर, ज्याच्यासोबत शाळेत गेला त्याच्या शेजारी उभा राहून खेळतो. त्यासाठी त्यांनी कॅलेंडरच तसं करून घेतलंय, आधी काउंटीचा सीझन संपवायचा आणि मग उरलेलं वर्ष क्लबचं, पूर्वी मोठी फायनल सप्टेंबरला असायची ती आता जुलैत आणून ठेवली.

आता मुद्द्याची गोष्ट. आजोबा मला ज्या मॅचला घेऊन गेले ती सीनियरची पण नव्हती, ज्युनिअर गटाची होती, गावाच्या कडेच्या मैदानावर, पाऊस पडत होता, बायका टेबल मांडून चहा आणि सँडविच विकत होत्या, माणसं असतील तीनचारशे. गोलकीपर बघितला तर ओळखीचा वाटला. आदल्याच आठवड्यात मुलीच्या घरातली लाईट गेली होती, ती दुरुस्त करून गेलेला इलेक्ट्रिशियन तो! त्याने दोन चेंडू असे अडवले की मी मराठीतच ओरडलो. तरी एका पॉइंटने हरले. आणि दुसऱ्या दिवशी पेपर आला, त्यात त्या ज्युनिअर मॅचची बातमी, खाली बारीक टाईपात दोन्ही टीमच्या पंधरा पंधरा खेळाडूंची नावं, कोणी किती गोल कोणी किती पॉइंट केले ते, बदली कोण आले ते, रेफरी कोण आणि कुठल्या क्लबचा ते पण. इलेक्ट्रिशियनचं नाव पहिलं, कारण गोलकीपरचा नंबर एक. हरलेल्या टीमचा गोलकीपर, ज्युनिअर गट, आणि नाव छापलेलं. लोकल रेडिओवर पण या क्लब मॅचेसची कॉमेंट्री असते, म्हातारी माणसं स्वयंपाकघरात बसून ऐकतात.

आजोबांनी मला २०२२ च्या फेब्रुवारीतली क्लब फायनल सांगितली, तारखेसकट. वॉटरफर्डचा बॅलीगनर क्लब आणि हेच बॅलीहेल. वेळ संपलेली, जादा मिनिटं चालू, बॅलीगनर दोन पॉइंटने मागे. हॅरी रडल म्हणून बदली आलेला खेळाडू, त्याने अगदी शेवटच्या क्षणाला गोल मारला. २-१७ विरुद्ध १-१९, पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटचा, म्हणजे हिशोब केला तर तेवीसला बावीस. बदली खेळाडू साहेब! पण आजोबांना त्याचं नाव पाठ, आणि हे आजोबा वॉटरफर्डचे नाहीत. त्यांच्या स्वतःच्या शहरातला ग्लेन रोव्हर्स क्लब, त्याने १९३४ पासून १९४१ पर्यंत सलग आठ वर्ष कॉर्कची काउंटी जिंकली, ते पण पाठ. हर्लिंगमधला नावाजलेला खेळाडू ख्रिस्टी रिंग आणि जॅक लिंच हे दोघं त्याच क्लबचे. हा जॅक लिंच पुढे १९६६ ला देशाचा पंतप्रधान झाला. आजोबा म्हणायचे पंतप्रधान बरेच झाले पण हा आमचा.

ही आठवण कुठून राहते, तर कोणीतरी लिहून छापून ठेवलं म्हणून राहते. नाहीतर सांगा, लालबाग परळ नायगाव प्रभादेवी वरळी इथे साठ सत्तर वर्षांत काय कमी पकडी झाल्या? गिरणीची पाळी सुटली की घामेजलेली माणसं तशीच मैदानात उतरायची, अंगणाएवढ्या जागेत पाणी मारून माती बसवायची, पेट्रोमॅक्सवर, मग हॅलोजनवर सामने. त्यातले नव्वद टक्के लोक आज नावाने कोणाला आठवत नाहीत. मैदानं पण गेली, जिथे मी खेळलो तिथे आता टॉवरचं पार्किंग आहे. तिकडे बहुतेक क्लबांची मैदानं त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहेत, तो वेगळाच विषय आहे, त्यावर परत कधीतरी लिहीन.

आणि हे काही आपल्याला नवीन नाहीये. कांगा लीग बघा. १९४८ पासून पावसातलं क्रिकेट, चिखलात, आणि टेस्ट खेळणारी माणसं त्यात आपल्या क्लबकडून खेळायची, बँकेतल्या कारकुनाच्या बरोबरीने. सोमवारी पेपरात बारीक टाईपात स्कोअर यायचे, ए डिव्हिजन, बी डिव्हिजन, खाली खाली. आमच्या चाळीतले लोक चष्मा लावून ते वाचायचे. म्हणजे आपल्याला हे येत होतं.

माझं स्वतःचं सांगतो. १९८३. मी एकोणीस वर्षांचा, डावा कोपरा. वडील गिरणीत, संप जानेवारी ८२ ला सुरू झालेला, घरात काय परिस्थिती होती ते गिरणगावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नायगावला सामना झाला आणि दुसऱ्या दिवशी एका पेपरात चार ओळी आल्या, शेवटच्या ओळीत माझं नाव, उत्कृष्ट पकडी केल्या म्हणून. आडनाव चुकीचं छापलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे. वडिलांनी ते कात्रण कापून घेतलं, पेनाने आडनाव दुरुस्त केलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. दीड वर्ष काम नसलेला माणूस, बंद गिरणीच्या गेटवर रोज जायचा, आणि तिकडे लोकांना ते कात्रण काढून दाखवायचा. ते गेले तेव्हा ट्रंकेत रेशनकार्डाच्या आत घडी करून ठेवलेलं मिळालं. पेनाची शाई पुसट झाली होती पण वाचता येत होती. नंतर मला एका कंपनीच्या टीममध्ये नोकरी लागली. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटांसोबत कात्रणांची फाईल न्यायची पद्धत होती, माझ्याकडे सात कात्रणं होती, साहेबांनी सातही वाचली. त्या नोकरीवर माझं घर चाललं, मुलगी नर्सिंगला गेली ती पण त्याच पगारावर.

आता कोणी म्हणेल प्रो कबड्डी आली, पोरांना टीव्हीवर नाव मिळतं, पैसे मिळतात. मी त्याच्या विरोधात अजिबात नाहीये, २०१४ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये पहिला सामना झाला तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो, डोळ्यात पाणी आलेलं, आपल्या हुतूतूला असे लाईट आणि एवढी गर्दी. पण लिलावात जातात ते किती, आणि जे जातात ते पण कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या मातीतूनच गेलेत. शिवाय प्रो कबड्डीचे महिने दरवर्षी हलतात, कधी जुलै, कधी ऑक्टोबर, कधी डिसेंबर, त्यामुळे मोठा झालेला खेळाडू मंडळाला सापडेल का नाही ते नक्की नसतं. तिकडच्यासारखे ठरावीक महिने मंडळांसाठी राखून ठेवले तर किती बरं होईल, पण ते असोसिएशनने बघायचं काम आहे. तुमच्या हातात आहे ते मी तुमच्याकडे मागतोय.

पोरं म्हणतात काका इन्स्टावर टाकलंय की. टाकतात, आणि स्टोरी चोवीस तासात जाते. पोरांनासुद्धा ते कळतं, नाहीतर सकाळी सहाला तो स्टॉलवर कशाला उभा राहिला असता.

तुमच्याकडे जागेची अडचण असते हे मला समजतं, जाहिराती लागतात, क्रिकेट लागतं. मी अर्धं पान मागत नाहीये. आठवड्यातून एक दिवस, मंगळवार चालेल, पाव कॉलम, बारीकातला बारीक टाईप. मंडळाचं नाव, गुण, मध्यंतराला किती होते, आणि दोन्ही बाजूंच्या सात सात खेळाडूंची नावं, कोणी चढाईत किती आणि पकडीत किती. सध्या बातमी आली तरी 'अमुक मंडळाने तमुक मंडळावर मात केली' एवढंच येतं, आणि नाव कोणाचं, तर बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांचं, ते मात्र पदासकट सगळं छापून येतं. पाहुण्यांचं खुशाल छापा पण खेळलेल्यांचं आधी छापा. मुलींच्या सामन्यांचं पण तसंच, त्यांना तर तेवढी ओळ पण मिळत नाही, आणि आमच्या विभागातल्या दोन मुली संध्याकाळी क्लासला शिकवून मग रात्री नऊला सरावाला येतात.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची स्पर्धा आहे. टेबलावर गुणलेखक असतोच, त्याच्या बाजूला मी स्वतः वही घेऊन बसणार आहे. रोज रात्री शेवटचा सामना संपला की साडेअकराच्या आत तुमच्या क्रीडा विभागाला निकाल टाईप करून पाठवतो, चौदाच्या चौदा नावं, प्रत्येक खेळाडूला विचारून, आडनावाचं प्रत्येक अक्षर तपासून.

आपला,
लालबागचा एक जुना डावा कोपरा